सहा मेगापिक्सेलवाल्यांनी लाजायचं कारण नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी सहज लिहून गेलो होतो की घरात जुना कॅमेरा पडून असेल आणि त्याचं काय करावं कळत नसेल तर विचारा, आणि तुम्ही लोकांनी ते फारच मनावर घेतलं. निम्म्या पत्रांचा शेवट एकच, "की सरळ नवीनच घेऊ?" त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे प्रत्येकाला वेगळं लिहायला नको: नका घेऊ, निदान हे पान वाचून होईपर्यंत तरी. मी कराडला बावीस वर्षं स्टुडिओ चालवला, पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळं केलं, आणि गिऱ्हाईक फोटो परत घेऊन आलं ते कॅमेरा जुना होता म्हणून कधीच नाही, डोळे मिटले म्हणून आलं नाहीतर काकू मागे लपली म्हणून. बऱ्याच जणांनी नाव छापू नका सांगितलंय त्यामुळे फक्त गावं देतोय.

लातूर. काका, मामाने त्याचा जुना निकॉन डी४० मला दिलाय, सोबत १८-५५ लेन्स आहे. ग्रुपमधले सगळे हसतात, म्हणतात ६ मेगापिक्सेल म्हणजे विनोद आहे का, आमच्या फोनला ५० आहेत. मी सेकंड इयरला आहे, कॉलेजच्या मॅगझिनसाठी फोटो काढायचेत. विकून टाकू का?

विकू नकोस गं. आधी हिशोब कर, मग त्यांना हसू दे. डी४० चा फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा असतो. इंचाला २५० पिक्सेल धरून छापलं तर १२ बाय ८ इंच होतात, म्हणजे तुझ्या मॅगझिनच्या पूर्ण पानाला पुरून उरतं. घरातला फुल एचडी टीव्ही म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल, त्यावर तुझा फोटो लहान करूनच दाखवावा लागेल. आणि त्या ५० मेगापिक्सेलच्या फोनचं म्हणशील तर बहुतेक फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात, सेटिंगमध्ये जाऊन बघायला सांग मैत्रिणींना.

आता खोटं कशाला बोलू, तुझा कॅमेरा २००६ चा आहे आणि कुठे कुठे तो मार खाणारच. आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा जास्त संवेदनशील करायचा आकडा) १६०० ला फोटोत दाणे येतात, फोकसचे पॉइंट फक्त तीन, आणि लांबून काढून नंतर कापून मोठा करू म्हणालीस तर कापायला माल उरत नाही. पण या तीनही गोष्टींना पैसे न लागणारा इलाज आहे. मधला एकच पॉइंट ठेव, त्याने डोळ्यावर फोकस कर, बटण अर्धं दाबून ठेवून फ्रेम हलव. लांबून काढू नकोस, चार पावलं पुढे जा (हे सांगायला सोपं आहे, अनोळखी माणसाच्या चार पावलं पुढे जायला मला पाच वर्षं लागली). आणि आयएसओ वाढवायची वेळ येऊ नये म्हणून उजेडाकडे जा.

उजेड म्हणजे काय ते एकदा करून बघ. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिथे आजीला तांदूळ निवडायला बसव, खोलीतली ट्यूब बंद कर, बंदच कर, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या, मग चेहऱ्याची एक बाजू हिरवट येते आणि लोक म्हणतात कॅमेरा जुना झाला. तू खिडकीच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहा. लेन्स ५५ वर म्हणजे पूर्ण झूम, ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/५.६, आयएसओ ४००. शटर (पडदा किती वेळ उघडा राहतो ते) १/८० सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून संथ, जाऊ देऊ नकोस, या लेन्समध्ये हात हलल्याचं सावरून घेणारी सोय नाही. खाली गेलं तर आयएसओ ८०० कर, ८०० पर्यंत हा कॅमेरा छान आहे. उन्हात मात्र पांढरे कपडे जळतात याच्याकडून, म्हणजे नुसते पांढरेफटक येतात, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) -०.३ किंवा -०.७ करून ठेव.

आणि ग्रुपवाल्यांना सांगायला एक गंमत. या कॅमेऱ्यात फ्लॅश १/५०० शटरला चालतो. कितीतरी नव्या कॅमेऱ्यांत नेहमीच्या पद्धतीने तो १/२०० च्या आसपासच थांबतो. म्हणजे भर दुपारी उन्हात माणूस उभा आहे, डोळ्यांखाली काळे खड्डे पडलेत, अशा वेळी फ्लॅश मारून ते भरायचं काम तुझा "विनोद" जास्त सोप्या पद्धतीने करतो. फक्त कार्ड ३२ जीबीच्या आतलंच घाल, मोठं चालत नाही.

डोंबिवली. गेल्या वर्षी गणपतीत आमच्या कॅनन ११००डी ने काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे आलेत. सगळ्यांत नाही, मखराच्या दिव्यांच्या माळा लावल्या तेव्हाच्याच. दुकानदार म्हणाला सेन्सर (फोटो टिपणारा आतला भाग) गेला, आता या किमतीत दुरुस्त करण्यात अर्थ नाही. खरं आहे का?

नाही ताई, सेन्सर ठणठणीत आहे. माळ बंद असताना फोटो नीट येतात हे तुम्हीच लिहिलंय, त्यातच उत्तर आलं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतो, डोळ्याला ते कळत नाही. मखराच्या स्वस्त माळा तर बऱ्याचदा विजेची अर्धीच लाट वापरतात, त्या सेकंदाला ५० वेळा चक्क विझून पेटतात. आता शटर १/५०० ला असेल तर कॅमेऱ्याचा पडदा एक फट सरकवत नेतो, ती फट फोटोच्या वरच्या भागावरून जाताना माळ पेटलेली आणि मधे पोचेपर्यंत विझलेली, झाला पट्टा. इलाज म्हणजे शटर १/५० करा, म्हणजे पेटणं-विझणं पूर्ण एकदा तरी फोटोत येतं. नुसती ट्यूब असेल तर १/१०० पण चालतं. पळणाऱ्या-नाचणाऱ्या माळा असतील तर १/२५ करून बघा, नाहीतर फोटोपुरतं ते नाचणं बंद करा, बाप्पाला काही वाटणार नाही.

१/५० ला हात हलतो, म्हणून कॅमेरा पाटावर उलटा ठेवलेल्या डब्यावर ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, तुमच्या कॅमेऱ्यात आहे. फ्लॅश नको. मूर्तीच्या मुकुटावरचा सोनेरी रंग फ्लॅशमध्ये स्टीलच्या ताटासारखा चमकतो आणि मागे भिंतीवर सोंडेची सावली पडते. त्यापेक्षा मखराच्या मागच्या माळा जरा वेळ बंद करून समोरून, थोडं बाजूने, खोलीतला एकच दिवा आणि त्याच्या समोरच्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर ताणून धरायला उभं करा. आमच्या घरी हे काम जावयाकडे असतं. चादरीवरून परत आलेला उजेड मूर्तीच्या दुसऱ्या गालावर पडतो. सगळ्यांत सुंदर उजेड कुठला विचाराल तर संध्याकाळी, बाहेर अजून निळसर आहे आणि आत समई लागलीये ती दहा-पंधरा मिनिटं, पण तेव्हा नेमकी आरतीची घाई असते.

रत्नागिरी. माझ्या ५० एमएम लेन्समध्ये आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बुरशी आहे म्हणतात. लेन्स फेकायची का? कोकणात राहून कॅमेरा सांभाळायचा तरी कसा?

फेकू नका. आधी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून धरून पुढून बघा, जाळं काठाला आहे की मधोमध. काठाला दोन-चार धागे असतील तर बिनधास्त वापरत राहा, फोटोत काही दिसणार नाही. मधे पसरलं असेल तरी फोटो काळा होत नाही हो, उजेडासमोर काढलात तर मात्र धुकट येतो, काळं काळं राहत नाही. मग अशा लेन्सने ऊन पाठीशी ठेवून काढायचं. खोलून साफ करून घेता येते, पण काचेवरचा थर बुरशीने आधीच खाल्ला असेल तर डाग राहतो. ५० एमएम सारख्या स्वस्त लेन्सला तेवढा खर्च करावा का ते आधी दर विचारून ठरवा.

सांभाळायचं म्हणजे, आधी काय नाही करायचं ते सांगतो कारण सगळे तेच करतात. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या केसमध्ये पावसाळाभर ठेवायचं नाही, ती केस ओल धरून ठेवते. कपाटात कपड्यांमध्ये नाही. डांबरगोळ्या नाहीत. आणि तांदळात तर मुळीच नाही, तांदळाची पूड आत जाते आणि ओल काही फारशी शोषली जात नाही, कुणी ही आयडिया काढली देव जाणे. पापड-कुरडया ठेवायला घट्ट झाकणाचे मोठे डबे मिळतात ना, तो एक घ्या, स्वयंपाकघरातला पळवू नका, वेगळा घ्या. त्यात सिलिका जेलची पुडकी आणि ओल दाखवणारं छोटं मीटर. मीटर ४० ते ५० टक्क्यांच्या मधे दाखवत असलं की झालं. ६० च्या वर गेलं की जेल बदलायचं किंवा मंद ओव्हनमध्ये तापवून कोरडं करायचं, रंग बदलणारं असेल तर ते स्वतःच सांगतं. फार खाली, २०-२५ ला पण नेऊ नका, जुन्या लेन्समधलं वंगण सुकतं.

हे मला एवढं पाठ आहे कारण मी मार खाल्लाय. १३५ एमएमची जुनी लेन्स होती, वडिलांची, ती मी जून महिन्यात तिच्या मूळच्या चामडी केसमध्ये कौतुकाने ठेवली आणि गौरी आल्या तेव्हा काढली तर आत अख्खं जंगल. एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, त्याने साफ चकाचक केली आणि जोडताना एक काच उलटी बसवली. तेव्हापासून मधे सगळं ठीक आणि काठाला सगळं विरघळल्यासारखं दिसतं. मुलगी म्हणते बाबा हा इफेक्ट आहे, लोक यासाठी पैसे देतात. असेल.

अजून एक, एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नका, समोरच्या काचेवर धुकं धरतं तसंच आतही धरतं. बॅगेतच वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. आणि वापरा. रोज हातात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लागलेली मी फार कमी बघितलीये.

कोल्हापूर. मित्राच्या ओळखीने सेकंडहँड निकॉन बॉडी (बिनलेन्सचा कॅमेरा) आणि ५० एमएम १.८ लेन्स मिळतेय. विकणारा म्हणतो शटर काउंट, म्हणजे आत्तापर्यंत शटर किती वेळा चाललं तो आकडा, एकदम कमी. घ्यायला जाताना काय बघू? बजेट म्हणाल तर फार नाही.

पहिलं बघायचं ते हे की बॉडी आणि लेन्स या दोघांचं लग्न जुळतंय का. निकॉनच्या जुन्या डी प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी७०, डी८०, डी९०, डी७००० मध्ये आहे. डी४०, डी६०, ३००० आणि ५००० च्या घराण्यातल्या कॅमेऱ्यांत नाही. म्हणजे डी३१०० ला ५० एमएम १.८डी लावलीत तर फोटो निघेल पण फोकस हाताने फिरवावा लागेल, आणि लोक घरी आल्यावर मला लिहितात की लेन्स खराब निघाली. तुमची बॉडी मोटर नसलेली असेल तर १.८जी मागा, तिच्यात मोटर असते. कॅननवाल्यांना हा ताप नाही, १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे कॅननची जुनाट बॉडी आणि ती प्लॅस्टिकची ५० एमएम १.८ ही जोडी मी डोळे मिटून सांगतो. मात्र एक लक्षात ठेवा, या छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते, चेहऱ्याला झकास, पण दहा बाय दहाच्या खोलीत सगळं कुटुंब बसवायचं म्हटलं तर तुम्ही गॅलरीच्या बाहेर लटकाल. घरातल्यासाठी ३५ बघा.

शटर काउंटचं एवढं मनावर घेऊ नका. डी९० सारख्या बॉडीचं शटर कंपनीनेच १ लाख वेळा चालवून तपासलेलं, त्यामुळे ३० हजार काय आणि ४० हजार काय. मला तर लग्नवाल्या फोटोग्राफरकडची रबर घासलेली, कोपरे पांढरे झालेली बॉडी जास्त आवडते, ती रोज चाललेली असते. दहा वर्षं कपाटात झोपलेल्या "एकदम न्यू कंडिशन" वाल्याची बॅटरी फुगलेली आणि रबर चिकट झालेलं निघतं.

जाताना स्वतःचं कार्ड आणि जमलं तर लॅपटॉप घेऊन जा. ॲपर्चर एफ/१६ करून आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ असेल तर घाबरू नका, हवेच्या पंपाने जाते, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते आणि मग खरोखर खर्च येतो. ठिपक्याऐवजी ओरखडा दिसला तर सोडून द्या. शटर सगळ्या स्पीडला, अगदी ३० सेकंदांपासून १/४००० पर्यंत एकेकदा मारा. लेन्सच्या आत ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आहे का बघा. आणि जुन्या जाड कार्डचा, सीएफवाला कॅमेरा असेल तर कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून आतल्या पिना मोजल्यासारख्या बघा, एक जरी वाकलेली असेल तर नको. मी एकदा बाजारात घासाघीस करण्यात एवढा रमलो की हे बघायचं राहिलं, पाचशे रुपये कमी केले म्हणून खूश होऊन घरी आलो आणि कार्ड आत जाईना.

मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत एक चक्कर मारा, पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे कॅमेऱ्यापेक्षा फिल्टर, पट्टे, जुन्या लेन्सची झाकणं असलं सटरफटर चांगलं मिळतं. बजेट कमी असेल तर बॉडी अजून एक पिढी जुनी घ्या आणि वाचलेल्यात दुसरी बॅटरी. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी बरोब्बर वरात दारात आली की संपते.

सोलापूर. वडिलांच्या स्टुडिओतला जुना फ्लॅश आहे, चालतो. माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावू का?

थांबा, लगेच लावू नका. जुन्या फ्लॅशच्या खालच्या पिनेवर काहींच्यात २०० व्होल्टच्या वर दाब असतो, फिल्मच्या कॅमेऱ्याला त्याचं काही नव्हतं, पण डिजिटलचा सर्किट बोर्ड जळू शकतो. फ्लॅश चालू करून पूर्ण चार्ज होऊ द्या, मल्टिमीटरची एक तार मधल्या पिनेला आणि दुसरी बाजूच्या धातूला लावून डीसी व्होल्ट मोजा. पाच-सहा व्होल्टच्या आत असेल तर लावा. जास्त असेल तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवू नका, स्वस्तातला रेडिओ ट्रिगर (लांबून, वायरशिवाय फ्लॅश पेटवणारं यंत्र) घ्या, जळलाच तर तो जळेल. आणि ट्रिगर घेतलात की फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला ठेवता येतो. वडिलांना विचारा, तेही छत्री लावून बाजूनेच मारत असणार.

सातारा. कासला फुलं काढायची असतात पण मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू जवळून मोठी दाखवणारी) परवडत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने फुलं ठिपक्याएवढी येतात.

लेन्स उलटी लावा. थट्टा नाही करत. रिव्हर्स रिंग नावाची साधी धातूची कडी मिळते, एका बाजूने ती लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांत बसते, दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्यावर. ५० एमएमची कुठलीही जुनी लेन्स, जिच्यावर ॲपर्चरची फिरवायची कडी आहे अशी, उलटी लावली की फूल सेन्सरवर जवळजवळ खऱ्या मापाचं येतं. सीतेची आसवं ही एवढीशी निळी-जांभळी फुलं, ती अशी बघितलीत की त्यांना चेहरा आहे असं वाटतं. लेन्स भलत्या कंपनीची असली तरी चालते, आटे जुळले की झालं. मात्र कडी नसलेली नवी किट लेन्स उलटी लावलीत तर ॲपर्चर तुमच्या हातात राहत नाही, म्हणून जुनी बघा.

आता याच्यात ऑटोफोकस नाही, उजेड मोजणारं मीटर बहुतेक नाही, आणि फोकस लेन्सने होत नाही, तुम्ही स्वतः पुढे-मागे डुलायचं. एफ/८ च्या आसपास ठेवा, तरी तांदळाच्या दाण्याएवढाच भाग स्पष्ट येईल. वारा हा खरा शत्रू, आणि कासला तो असतोच, त्यामुळे सकाळी लवकर, दव असताना, ढगाळ दिवशी. ढग म्हणजे फुकटची छत्री आहे, ऊन आलं की पाकळ्या जळतात. दहा काढा, एक येईल, मला अजूनही तसंच होतं.

पण एक करा, वाटेवर बसून, वाटेच्या कडेचंच फूल काढा. तो सडा आहे, कातळावर बोटभर माती, तिच्यावर आडवं पडून फोटो काढणारे बघितले की माझा फार जीव जळतो, एका फुलाच्या फोटोसाठी पोटाखाली पन्नास.

बडोदा. निवृत्त आहे, वय ७४. माळ्यावरच्या ट्रंकेत आग्फा क्लिक थ्री सापडला. खटका वाजतो. नातवाला त्यातून फोटो काढून दाखवायचा आहे. शक्य आहे का?

आपलं पत्र वाचून फार बरं वाटलं. आणि कॅमेरा नीट बघा, तो आपल्या गावचाच आहे, न्यू इंडिया इंडस्ट्रीज, बडोदा, आग्फाच्या परवानगीने तिथेच बनायचे हे. माझ्या आत्याकडे होता, तिच्या लग्नातले सगळे चौकोनी फोटो त्यातलेच.

शक्य आहे, नक्की आहे. त्याला १२० मापाचा फिल्मचा रोल लागतो आणि तो रोल आजही मिळतो, कोडॅक गोल्ड २०० तर १२० मध्ये २०२२ साली नव्याने आला. ब्लॅक अँड व्हाइट हवा असेल तर इल्फर्डचे आहेत, उटीच्या सरकारी कारखान्याचा तो आपला इंदू रोल आता नाही. एका रोलवर बाराच फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे. रोल स्वस्त नाहीये हे आधीच सांगतो, त्यामुळे नातवाला पहिले दोन दिवस बिनरोलाचाच कॅमेरा द्या, खटके मारू दे.

रोल भरण्याआधी मागचं झाकण काढून लेन्स ओल्या नाही, कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, आणि अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यात आतून छोटा टॉर्च ठेवून झाकण लावून बघा, फटीतून उजेड दिसला तर तिथे काळी चिकटपट्टी. मागच्या लाल खिडकीवर पण एक पट्टी लावा, नंबर बघण्यापुरती सावलीत उचलायची. ऊन पाठीशी, माणूस दहा-बारा फुटांवर, पोट आत घेऊन श्वास रोखायचा आणि खटका हळू दाबायचा, शटर संथ आहे त्याचं. आणि एक फोटो काढला की लगेच रोल पुढे फिरवायची सवय लावा. नाही फिरवला तर त्यावरच दुसरा निघतो, आत्याच्या अल्बममध्ये एका फोटोत नवरदेवाच्या पोटातून बैलगाडी जाते.

धुवायला मात्र नेहमीची लॅब घेणार नाही बहुधा, मोठ्या शहरांत फिल्म धुणारे अजून आहेत, कुरिअरने घेतात. आधी फोन करून १२० घेता का ते विचारा.

नागपूर. पेंटॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा आहे, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलत नाही. मीटरशिवाय फिल्म वाया जाईल ना?

आधी खालचा बटणसेल बदला, एलआर४४, दहापैकी आठ वेळा तेवढंच असतं. या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण लावलं तरच तो झोपतो, त्यामुळे विनाझाकणाचा ठेवलात की सेल उतरलाच. शटरला सेल लागत नाही, ते नुसत्या स्प्रिंगवर चालतं.

तरी नाही हलला तर तुमच्याकडे विदर्भाचं ऊन आहे, त्याच्याइतकं भरवशाचं मीटर नाही. फिल्म २०० ची तर शटर १/२५०, आणि कडक उन्हात एफ/१६. ऊन पातळ असेल, सावली कडेला पुसट पडत असेल तर एफ/११. ढगाळ, सावली पडतच नाही, तर एफ/८. पावसाळी अंधारून आलं तर एफ/५.६, झाडाखाली किंवा पडवीत एफ/४. शंका आली तर एक घर जास्तच उजेड द्या, रंगीत निगेटिव्ह जास्त उजेड पचवते, कमी पचवत नाही. डिजिटलचं याच्या बरोबर उलटं.

इंदापूर. भिगवण जवळ आहे. कॅनन ५५-२५० लेन्सने फ्लेमिंगो काढता येतील?

येतील, पण एकट्या पक्ष्याचा डोळा नका काढायला जाऊ, थवा काढा, पाणी काढा, मागची होडी येऊ द्या. सूर्य उगवायच्या आधी होडीत बसा. शटर १/१००० च्या वर, आयएसओ काय येईल तो येऊ दे. नावाड्याला म्हणावं वल्हं थांबव आणि मग काढा. थवा तुमच्याकडे येत नसतो, पण तुम्ही गप्प बसलात तर फार लांबही जात नाही.

नाशिक. रात्रीच्या कीर्तनाचे फोटो आयएसओ १६०० ला फार दाणेदार येतात, सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

विकत नको, डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवर जरा रडत चालतात पण चालतात. त्याआधी कॅमेऱ्यात जेपेगऐवजी रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) करा, दाणे काढायला रॉमध्येच माल असतो. आणि फोटो काळा काढून नंतर उजळू नका, दाणे त्यानेच फुटतात. १६०० ला नीट उजेड दिलेला फोटो हा ४०० ला काळा काढून उजळलेल्यापेक्षा या जुन्या कॅमेऱ्यांत बरा दिसतो. उरलेले दाणे असू द्या की. बुवांनी हात वर केलाय, टाळकरी मागे डोळे मिटून आहेत, असा क्षण मिळाला तर दाणे मोजणारा माणूस कीर्तन ऐकायला आला नव्हता असं समजा.

कराड (हो, आमच्याच गावातून). तुम्ही स्वतः कोणता वापरता ते कधी सांगत नाही.

डी९०. २००८ सालचं मॉडेल, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आलाय. उजव्या हाताचं रबर सुटलं होतं ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलंय, मागच्या स्क्रीनला तडा आहे त्यामुळे फोटो कसा आलाय ते घरी गेल्यावरच कळतं. पुढच्या महिन्यात पावसाळ्यात बाहेर काढायच्या कॅमेऱ्यांबद्दल लिहिणार आहे, वारीला प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून रबरबँडने लेन्सला बांधायची माझी पद्धत आहे ती सविस्तर सांगतो. प्रश्न पाठवताना फोटोची मूळ फाइल ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको, ती चेपून येते आणि मग मला आयएसओ किती होता तेच कळत नाही.